शिफारस, दीडशे शब्दांत

फॉर्ममध्ये चौकोन पाच:
वरचे एक टक्का, वरचे पाच, वरचे दहा,
मग सरासरी, मग 'सांगता येत नाही'.
पीयूसीच्या पहिल्या वर्षाला माझ्याकडे मुलं बेचाळीस.
बेचाळिसाचा एक टक्का म्हणजे कुणाचा तरी हात होईल,
आख्खी सन्मती चौगुले त्यात मावत नाही.

बेंगळूरला सहा आठवडे, एप्रिल-मेमध्ये.
जागा चोवीस, साऱ्या देशाला मिळून.
खरीखुरी प्रयोगशाळा, राहणं-जेवण त्यांचं, जायचं भाडं आपलं.
तिचं आडनाव आधारवर एक, मार्कलिस्टवर दुसरं,
उत्पन्नाच्या दाखल्यावर तिसरंच.
मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत जाताना
प्रत्येक कारकुनानं एकेक अक्षर आपल्या पसंतीचं घातलेलं.
नाडकचेरीत दोन दिवस गेले एवढं सिद्ध करायला
की या तिघी एकच मुलगी.

माझ्या वाट्याला एकच प्रश्न:
'विद्यार्थिनीने स्वतंत्र विचार केल्याचे एक उदाहरण द्या.'
वीस वर्षांत मी लिहिलं ते 'वर्तणूक चांगली',
खाली सही, वर कॉलेजचा गोल शिक्का.
स्वतंत्र विचार कुणी विचारलाच नव्हता.

ऑगस्टात ती स्टीलचा डबा घेऊन आली.
उघडला तर आत काळं काहीतरी.
मला वाटलं, कारळ्याची चटणी.
"वाळू हाय मिस. उद्यमबागची, पप्पांच्या फौंड्रीतली.
पप्पा मुठीत दाबून सांगतात, पाणी बरोबर हाय का न्हाई.
मूठ किती खरं बोलती ते बघायचं हाय."

आमच्या तराजूचं दोन ग्रॅमचं वजन कधीचंच हरवलेलं.
एकेक ग्रॅमची दोन लावायची.
वाळू तोलायची, बशीत तापवायची,
निवली की पुन्हा तोलायची.
जे उडून गेलं, ते पाणी.
डब्यासोबत रोज एक चिठ्ठी, पगाराच्या पाकिटाची फाडलेली कड,
त्यावर पप्पांच्या हातचं एकच अक्षर:
ओ, ब, नाहीतर को.
ओली, बरी, कोरडी.

आकडा मात्र तिनं घरी कधी सांगितला नाही.
मी म्हटलं, अगं, त्यांना बरं वाटेल.
"सांगिटलं तर मूठ शिकंल की, मिस.
मग मी काय मोजू?"

मी डस्टर हातात धरून तशीच उभी.
एमएस्सीला हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
किंवा शिकवलं असेल, मी पाठ केलं असेन.

एकतीस डबे. सत्तावीस वेळा मूठ खरी.
चार चुका, आणि चारही
सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच्या.
तिनं निबंधात शेवटी लिहिलं: कारण माहीत नाही.
ते वाक्य काढू या का, मी विचारलं.
निवडणारी माणसं मोठी, त्यांना उत्तरं लागतात.
"पण मला खरंच माहीत न्हाई."

माझं पत्र झालं दोनशे बारा शब्दांचं.
चटणी काढली. तराजू काढला.
नाडकचेरी तर आधीच काढली होती.
'शिकंल' या शब्दाला इंग्रजीत तेवढा ओलावा सापडेना,
तरी ठेवला, कसाबसा.
मग वरच्या एक टक्क्यावर बोट दाबलं.
गणित चुकलंय. चुकू दे.

मार्चअखेरीला निकाल आला:
प्रतीक्षा यादी, क्रमांक अकरा.
स्टाफरूमच्या दारात उभी राहून तिनं विचारलं,
"म्हंजे अकरा जणांनी नको म्हणायला पायजे?"
हो.
"किती जण म्हणतात, दरवर्षी?"
माहीत नाही, मी म्हटलं.
तिनं मान हलवली,
जणू हे उत्तर चालतं.

काल उद्यमबाग बंद होतं.
आज माझ्या टेबलावर डबा आहे, झाकण घट्ट,
चिठ्ठीवर 'ब'.
ती तराजूचं पातं हलायचं थांबायची वाट बघतेय.